आधी पाणी, मग रोषणाई

गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबईतली बरीच जुनी कारंजी धुऊनपुसून पुन्हा उभी राहिली. फ्लोरा फाउंटनवरचे ऑइल पेंटचे थर निघाले, रीगलसमोरचं वेलिंग्टन फाउंटन उजळलं, बाजारगेटजवळचा वाडिया घड्याळ मनोरा पुन्हा ओळखू येऊ लागला. काम मनापासून झालंय आणि ज्यांनी ते केलं त्यांचे आभार मानायलाच हवेत. पण एक गोष्ट आता कुणीतरी स्पष्ट बोलली पाहिजे. या शहरात लोकांची तहान भागवण्यासाठी ज्या दगडी प्याऊ, म्हणजे पाणपोया, बांधल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेकांतून आज थेंबभर पाणी येत नाही. काही मोडकळीला आल्या आहेत. काही सुंदर दुरुस्त झाल्या, त्यांच्यावर दिवे लागले, फोटो निघाले, तरी नळ कोरडेच. हा लेख त्या नळांसाठी आहे.

मुंबईत ‘फाउंटन’ म्हटलं की डोळ्यासमोर येते फ्लोरा. १८६४ सालचं हे कारंजं. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, घडवलं जेम्स फोरसाइथ यांनी, दगड थेट इंग्लंडातून आणलेला पोर्टलंडचा. खर्च आला ४७ हजार रुपये आणि त्यातले २० हजार कर्सेटजी फर्दुनजी पारेख या एकट्या गृहस्थांनी दिले. ते लागायचं होतं भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, शोभेची मूर्ती म्हणून. बसलं मात्र कोटाच्या पाडलेल्या चर्चगेट दरवाजाच्या जागी. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात इथेच गोळ्या चालल्या, चौकाला हुतात्म्यांचं नाव मिळालं आणि रोमन देवी फ्लोराच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी-कामगार उभे राहिले. एवढा इतिहास एका चौकात असल्यावर त्याच्या दुरुस्तीला पैसे मिळणं कठीण नव्हतं. विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झालं, जानेवारी २०१९ मध्ये पाणी पुन्हा सुरू झालं. फ्लोराबद्दल माझी काही तक्रार नाही. ती शोभेसाठीच जन्मली आणि शोभा देते आहे.

प्याऊचं तसं नाही. प्याऊ कामाला आली होती.

जुन्या मुंबईचं पाणी विहिरींचं आणि तलावांचं. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, खारा तलाव, दोन टाकी ही नावं आपण बस कंडक्टरला सांगतो, पण त्यांतलं पाणी कधीच गेलं. १८६० मध्ये विहारचं पाणी नळाने शहरात आलं, मग १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा. नळ आला म्हणजे तो घरोघरी आला असं नव्हे. गोदीतला हमाल, कापसाच्या गाठी ओढणारा बैल, घोड्याच्या गाडीचा गाडीवान, घाटावरून आलेला आणि चाळीच्या जिन्यात झोपणारा गिरणी कामगार यांना रस्त्यावरच पाणी हवं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाने शहर हैराण झालं, विहिरींतल्या पाण्यात डास वाढतात हे सिद्ध झालं आणि विहिरी झाकायचा, बुजवायचा सपाटा सुरू झाला. तेव्हा तर रस्त्यावरच्या नळाची गरज दुप्पट झाली.

ती भागवली शेटसावकारांनी. पारशी, भाटिया, जैन, गुजराती, मराठी, ज्याला जसं जमलं तसं. सर कावसजी जहांगीर ‘रेडीमनी’ यांच्या दानांच्या यादीत तर शहरभरची पिण्याच्या पाण्याची कारंजी आहेतच. पण या माणसाने लंडनलाही पाणी पाजलं. तिथल्या रीजंट्स पार्कमध्ये १८६९ सालचं, संगमरवर आणि लाल ग्रॅनाइटचं, चांगलं उंचपुरं कारंजं आजही त्याच्या नावाने उभं आहे. विषय असा होता की लंडनमध्ये कॉलऱ्याने माणसं मेली होती. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाकडे बोट दाखवलं होतं आणि १८५९ पासून तिथे फुकट, स्वच्छ पाण्याचे नळ बसवणारी एक संस्थाच निघाली होती. पुढे तिने जनावरांच्या कुंडांचंही काम हाती घेतलं. त्या संस्थेच्या कामाला मुंबईच्या पारशाने हातभार लावला. राज्यकर्त्यांच्या गावात जाऊन त्यांनाच पाणपोई बांधून देण्यात कृतज्ञता किती आणि तोरा किती, हे रेडीमनीच जाणे.

इकडे मशीद बंदरच्या भात बाजारात केशवजी नाईक यांनी १८७६ मध्ये घड्याळ आणि पाण्याचं कारंजं एकत्र उभं केलं. बाजारातल्या माणसाला वेळही कळावी आणि पाणीही मिळावं असा हा व्यापारी हिशेब. मिंट रोडवरचं रतनसी मुळजी जेठा कारंजं १८९४ चं. बोरीबंदरचं स्टेशन आणि महापालिकेची इमारत ज्यांनी रचली, त्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा हा आराखडा, आणि शिल्पकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स, अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेणारे तेच. रतनसी शेटचा मुलगा धरमसी लहान वयात गेला, त्याच्या आठवणीसाठी हे बांधलं. माथ्यावर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे आणि खाली दगडात कोरलेली जनावरांची मुखं. बापाने पोराचा पुतळा नुसता चौथऱ्यावर बसवला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. त्याने पुतळ्याच्या पायाशी पाणी सोडलं. येणारा-जाणारा पाणी पिईल आणि वर बघेल, एवढीच अपेक्षा. २०१८ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत याच्या दुरुस्तीची दखल घेतली गेली.

अशी मोठी नावं थोडी. बाकीच्या प्याऊ लहान, चारी बाजूंनी खुल्या, वर घुमटी किंवा छत्री. मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा काळा, पोरबंदरचा मऊ. पितळी तोट्या, माणसांसाठी कमरेच्या उंचीवर. त्याखाली बैलाघोड्यांसाठी लांबट कुंड, कधी अगदी तळाशी कुत्र्यांसाठी वाटीएवढा खळगा, वर पाखरांसाठी ताटली. एकाच नळाचं वाहून जाणारं पाणी वरून खाली तिघाचौघांच्या तोंडी लागावं अशी ती रचना. आजकाल ‘शाश्वत’ म्हणून जे विकतात ते याहून फार वेगळं नसतं. भिंतीत एक पाटी, गुजराती किंवा मराठीत, कधी इंग्रजीत, अमक्याच्या स्मरणार्थ तमक्याने. दादरच्या कोतवाल उद्यानातल्या प्याऊवर आनंद विठ्ठल कोळी हे नाव आहे. पाणपोई म्हणजे फक्त लक्षाधीश शेटजींची मिरास नव्हती, हे त्या एका नावावरून कळतं.

आता एक कडू गोष्ट, जी वारशाच्या लेखांत सहसा येत नाही. सार्वजनिक पाणी या देशात कधीच आपोआप सार्वजनिक नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा शहराला पाणी पुरवणाऱ्या पेशवाईतल्या कात्रजच्या नळाला आणि हौदांना शंभरावर वर्षं होऊन गेली होती. म्हणजे पाणी गावात होतं, फक्त सगळ्यांसाठी नव्हतं. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला, की सरकारी खर्चाच्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाड नगरपालिकेने त्याला पुढच्या वर्षी मान दिला, कागदावर. आणि मग २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. त्यानंतर तळ्याचं शुद्धीकरण काय, खटला काय, १९३७ पर्यंत कोर्टात घोळ. गावोगावच्या पाणपोयांवर रांजणाशी बसलेला माणूस जात विचारून पाणी वाढायचा, कुणाच्या ओंजळीत लांबून पन्हाळीने सोडायचा. पुण्य कमावण्याच्या हौसेला त्याची लाज वाटत नव्हती.

म्हणून मला रस्त्यावरच्या तोटीचं महत्त्व जास्त वाटतं. तोटी फिरवायला कुणाची परवानगी लागत नाही. ती फिरवणाऱ्याचं आडनाव विचारत नाही. सगळ्याच प्याऊंवर सगळ्यांना सारखी वागणूक मिळत होती असा दावा मी करणार नाही, तसा तो करता येणारही नाही. पण वाढप्याच्या जागी नळ आला तेव्हा एक मोठा अडसर निघाला. आज तोच नळ बंद पडलाय आणि त्याच्या जागी आलीये विकतची बाटली. जात विचारत नाही, पण खिसा विचारते.

प्याऊ बंद कशी पडते, ते कुठल्याही बंद प्याऊजवळ दोन मिनिटं उभं राहून बघा. एका दिवसात कुणी ती मारलेली नसते. रस्ता दर काही वर्षांनी डांबराच्या नव्या थराने वर येतो, जुना खरवडून काढायचे कष्ट कोण घेणार. परिणामी जनावरांचं कुंड जमिनीच्या पातळीला येतं, मग खाली जातं, मग पावसाचं गढूळ पाणी त्यात साठतं. सांडपाण्याचं भोक बुजतं. पितळी तोटी चोरीला जाते, तिथे लाकडी खुंटी ठोकली जाते किंवा प्लास्टिकची तोटी येते, तीही जाते. कुठल्यातरी केबलसाठी खणताना जोडणी तुटते आणि कुणी ती परत जोडत नाही, कारण ती कुणाच्या नावावर आहे हेच ठाऊक नसतं. पाणी नाही म्हटल्यावर घुमटीखाली शेजारच्या दुकानाच्या रिकाम्या पेट्या येतात. मग कुणी भाविक बाथरूमच्या टाइल लावून तिथे तसबीर बसवतो, थुंकू नये म्हणून. कुणी उत्साही दरवर्षी ऑइल पेंटचा हात मारतो. दगडात शिरलेला ओलावा बाहेर पडायला जागा राहत नाही, आत क्षार धरतात आणि पोपडे निघताना रंगाबरोबर कोरीवकामाचा थरही घेऊन जातात. भेग पडली की सिमेंट. सिमेंट मऊ दगडापेक्षा टणक, त्यामुळे पुढच्या वेळी सिमेंट शाबूत राहतं आणि शेजारचा दगड फुटतो. चुन्याचं मिश्रण वापरलं असतं तर फुटायचं ते चुन्यात फुटलं असतं, आणि चुना बदलता येतो.

या सगळ्यात जनावरांचंही ग्राहक म्हणून जाणं आहेच. बैलगाड्या केव्हाच गेल्या. घोडागाड्यांनाही २०१५ च्या उच्च न्यायालयाच्या निकालाने निरोप मिळाला. कुंड कुणासाठी भरायचं असा प्रश्न रास्त आहे. पण माणूस गेलेला नाही. किंबहुना रस्त्यावर दिवस काढणारा माणूस वाढलाय. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन मोटरसायकलवरून जेवण पोचवणारी पोरं, कुरिअरवाले, टॅक्सीवाले, सिग्नलवर उभे वाहतूक पोलीस, फुटपाथ झाडणाऱ्या बायका. एप्रिल-मेच्या दुपारी या माणसांना पाणी कुठे मिळतं? हॉटेलात मागितलं तर मिळतं, नाही असं नाही. पण मागावं लागतं.

मोडलेलं परत उभं राहत नाही, असं म्हणणाऱ्यांनी धोबीतलावाला जावं. तिथे मेट्रो सिनेमाच्या चौकात फिट्झजेराल्ड कारंजं आहे, ओतीव लोखंडाचं, दिव्यांसकट, १८६७ चं, इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनच्या कारखान्यात ओतलेलं. साठच्या दशकात रहदारीच्या पायात आलं म्हणून ते सुटं करून काढलं. सुदैव असं की तुकडे भंगारात न जाता भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात पडून राहिले. अर्धशतक पडून राहिले. मग अलीकडे कुणीतरी ते जुळवले, हरवलेले भाग नव्याने ओतून घेतले आणि कारंजं मूळ चौकात परतलं. त्याचं जुळं भावंड नॉर्दम्प्टनच्याच बाजारचौकात होतं. ते तिथल्या लोकांनी १९६२ मध्ये पाडून टाकलं. म्हणजे ज्या गावाने ते बनवलं त्याच्याकडे नाही आणि आपल्याकडे आहे. जपण्याचं म्हणाल तर एवढंच: तुकडे फेकायचे नाहीत.

आता आक्षेपांकडे येतो, कारण हा विषय काढला की तेच तेच ऐकू येतं. पहिला, रस्त्यावरचं पाणी पिणार कोण? पाणी तेच आहे जे तुमच्या सोसायटीत येतं. मुंबईत ते ठरावीक तासच येतं, त्यामुळे प्याऊला साठवणीची टाकी लागते, आणि घाण होते ती टाकी. तेव्हा टाकी स्टीलची, झाकणबंद, कुलूपबंद हवी, तिला गाळणी हवी आणि धुतल्याची तारीख बाहेर मोठ्या अक्षरांत लिहिलेली हवी. दुसरा आक्षेप, लोक तिथे कपडे धुतील. दाबून धरली तरच वाहणारी तोटी बसवा, कपडे धुणारा पाच मिनिटांत कंटाळतो. तिसरा आक्षेप जाणकारांचा, की वारसा वास्तूला नवी पाइप कशी लावायची. अहो, ती वास्तूच पाइपसाठी बांधली होती! जुन्या नळाची वाट दगडात आहेच, नवा नळ त्याच वाटेने जातो. पॅरिसमध्ये रिचर्ड वॉलेस यांनी १८७२ पासून बसवलेली हिरवी ओतीव कारंजी आज वारसाही आहेत आणि उन्हाळ्यात त्यांना पिण्याचं पाणीही येतं. रोममध्ये १८७४ पासूनचे रस्त्यावरचे लोखंडी नळ दोन हजारांवर आहेत, दिवसरात्र वाहतात, आणि पर्यटक बाटल्या भरून घेतात. दूर कशाला, चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर १७२५ सालची आहे. तिच्याभोवतीची सगळी विहिरींची पिढी बुजली, ती टिकली. रोज तिच्यापाशी दिवा लावणारी, प्रार्थना करणारी, तिची झाडलोट बघणारी माणसं होती म्हणून टिकली.

आपल्या प्याऊंना नेमकं हेच मिळत नाही. दुरुस्तीला पैसा उभा राहतो, देखभालीला राहत नाही. उद्घाटनाला फीत असते, टाकी धुण्याला नसते. नव्याचे नऊ दिवस संपले की ये रे माझ्या मागल्या. म्हणून जो कोणी प्याऊ ‘दत्तक’ घेईल, मग ती कंपनी असो, बँक असो वा ट्रस्ट, त्याच्याकडून निदान पाच वर्षांच्या देखभालीचा करार झाल्याशिवाय महापालिकेने त्याला दगडाला हात लावू देऊ नये. आणि दत्तक घेणाऱ्याची पाटी मूळ दात्याच्या पाटीपेक्षा मोठी नसावी. हे मी गमतीने लिहीत नाही, असे फलक पाहिलेत म्हणून लिहितोय.

तुम्ही काय करायचं? आधी आपल्या वॉर्डातली प्याऊ शोधा. ती प्याऊसारखी दिसत नसेल कदाचित, पानाच्या टपरीमागे असेल, देवळीसारखी वाटेल, मंडळाच्या फलकाने झाकलेली असेल. पाटीचा फोटो काढा, सकाळच्या तिरप्या उन्हात, तेव्हा झिजलेली अक्षरं वाचता येतात. खडूने किंवा टोकदार वस्तूने अक्षरं घासू नका. गुजराती वाचता येत नसेल तर शेजारच्या दुकानदाराला बोलवा. वाचता वाचता त्याचं त्या प्याऊशी नातं जडतं, हाही फायदा. पाटीवरच्या घराण्याचा ट्रस्ट अजून चालू असेल तर त्यांना कळवा. आजोबांचं नाव टपरीमागे आहे हे त्यांच्यातल्या कित्येकांना ठाऊकही नसतं. वास्तुकला शिकणारी मुलं ओळखीत असतील तर त्यांना मोजमाप घ्यायला लावा. मोजमापाचे नकाशे हाताशी असले की उद्या रस्त्याच्या कामात एखादा कठडा गेला तरी तो तसाच घडवता येतो. गणेशोत्सव मंडळांनो, तुमच्याकडे माणसं आहेत, वीजजोडणीचा अनुभव आहे आणि वॉर्ड ऑफिसात ओळख आहे. दहा दिवसांच्या रोषणाईतला एक छोटा वाटा टाकीच्या सफाईकडे वळवा. फक्त कृपा करून रंग देऊ नका, आणि ॲसिडने धुऊ नका. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

आणि अर्ज करा. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय आहे, म्हणून सांगतो, अर्ज जानेवारीतच द्या. ‘वारसा जतन करावा’ असं मोघम लिहू नका, त्याला मोघमच उत्तर येतं. विचारा की या प्याऊची पाण्याची जोडणी कोणत्या क्रमांकाची, ती कधी आणि कुणाच्या आदेशाने बंद झाली, ती पूर्ववत करायला पाणी खात्याला काय लागेल, टाकीची किल्ली कुणाकडे राहील. सांडपाण्याचा निचरा मोकळा करायचं काम वेगळ्या खात्याकडे असतं, त्याचा वेगळा अर्ज. प्याऊ वारसा यादीत असेल तर तिची श्रेणी लिहा. १९९५ पासून मुंबईला वारसा नियमावली आहे, ती कागदावर आणली की फाइल जरा लवकर हलते. सही एकाची नको, आजूबाजूच्या दुकानदारांच्या, टॅक्सी स्टँडवरच्या चालकांच्या, सोसायटीच्या वॉचमनच्या घ्या, कारण पाणी तेच पिणार आहेत. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.